वजन तेवढंच, तरफ उलटी

युरोपातल्या रस्त्यांवर कॅम्पर व्हॅन दिसतात. झोपायला पलंग, चूल, पाण्याची टाकी असं सगळं बिऱ्हाड सोबत घेऊन फिरणाऱ्या या गाड्या. त्यांतल्या कितीतरी एकाच व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात, ती म्हणजे फियाट ड्युकाटो. इटलीतल्या आतेस्सा इथल्या कारखान्यात ती १९८१ पासून बनते. २००६ साली तिची तिसरी पिढी आली. या पिढीत इंजिनाची बॅटरी असते केबिनच्या डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेच्या खाली. चटई बाजूला सारायची, झाकण काढायचं, की खाली एक अरुंद खड्डा दिसतो आणि त्यात बॅटरी चपखल बसलेली असते. डाव्या हाताच्या स्टीयरिंगच्या गाडीत ही जागा चालकाच्या पायाशी येते, ब्रिटनमध्ये शेजारच्या सीटपुढे. मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनमध्येही बॅटरी अशीच पायाखाली असते. शिवाय घरातले दिवे, पंप आणि फ्रिज चालवणारी दुसरी बॅटरी असते, ती बहुधा सीटखाली दडवलेली.

आता अडचण पाहा. बॅटरीची लांबी ३५३ मिलिमीटर, रुंदी १७५, उंची १९० आणि वजन साधारण २६ किलो. मागे सीट, पुढे डॅशबोर्ड, वर स्टीयरिंग. सरळ उभं राहायला जागा नाही, बोटं आत घालायला फट नाही. बॅटरी चार-पाच वर्षांनी दमते आणि तेव्हा ती बाहेर काढावीच लागते. या गाड्यांतून फिरणाऱ्यांमध्ये निवृत्त जोडपी पुष्कळ. क्रेन नाही, गॅरेज जवळ नाही, कंबर पूर्वीसारखी राहिलेली नाही. तरीही ही माणसं एक पट्टा, एक फळी, चार लाकडी ठोकळे आणि प्लायवूडचे काही तुकडे घेऊन ती बॅटरी बाहेर काढतात. या घरगुती युक्त्यांमागचं विज्ञान पाहू लागलं, की त्यांच्याबद्दलचं कौतुक वाढतच जातं.

पहिलं आश्चर्य कामाच्या हिशेबात आहे. २६ किलोची वस्तू अर्धा मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा आहे सुमारे १२७ ज्यूल. नऊ वॅटचा एलईडी दिवा एवढ्या ऊर्जेवर जेमतेम १४ सेकंद जळेल. आणि खुद्द त्या बॅटरीत, ती पूर्ण भरलेली असेल तर, किती ऊर्जा साठलेली असते? १२ व्होल्ट आणि ९५ अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की ११४० वॅट-अवर येतात, म्हणजे सुमारे ४१ लाख ज्यूल. खड्ड्यातून बाहेर येण्यासाठी जी ऊर्जा हवी, तिच्या बत्तीस हजार पट ऊर्जा बॅटरीच्या पोटातच आहे. ती सगळी वाया न जाता तिलाच उचलायला वापरता आली, तर ती १६ किलोमीटर उंच जाईल. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे, हे आठवून पाहावं.

म्हणजे काम थोडंच आहे. मग कंबर का धरते? उत्तर दोन ठिकाणी आहे, एक शिशात आणि दुसरं आपल्या पाठीच्या कण्यात.

शिशापासून सुरुवात करू. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे, मध्ये अंतर ठेवून, एकत्र गुंडाळले आणि गंधकाम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी ती पहिली बॅटरी. १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा पट्ट्यांवर थापून तिची क्षमता वाढवली आणि तिचं उत्पादन सोपं केलं. आजच्या गाडीतली बॅटरी त्याच घराण्यातली. शिशाची घनता पाण्याच्या ११ पटींहून जास्त आहे, आणि बॅटरीच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग शिसं आणि त्याची संयुगं यांचाच असतो. एवढ्याशा खोक्यात २६ किलो मावतात ते त्यामुळे.

आता वाटेल की शिशाऐवजी त्याच कुळातला हलका धातू, म्हणजे कथील, वापरला असता तर? २०११ साली राजीव आहुजा, पेक्का प्यूक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बॅटरीचं गणित मुळापासून मांडलं, तेव्हा थक्क करणारी गोष्ट पुढे आली. शिशाच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन असतात. त्यांची ओढ इतकी जबर असते, की अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. तिथे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम दिसू लागतो आणि रासायनिक अभिक्रियेतून मिळणारा विद्युतदाब बदलतो. बॅटरीच्या प्रत्येक घराचे साधारण २.१ व्होल्ट असतात, त्यांतले १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतेमुळे येतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे जवळपास १० व्होल्ट! केंद्रकात ५० प्रोटॉन असलेल्या कथलात हा परिणाम फारच क्षीण, म्हणून कथलाची अशी बॅटरी होत नाही. ज्या जडपणाने आपली पाठ वाकते, त्याच जडपणाने इंजिन सुरू होतं.

दुसरं उत्तर आपल्या शरीरात आहे. शाळेत तरफेचा नियम शिकलो होतो: भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. आपण वाकून काही उचलतो तेव्हा कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यामधली चकती हा टेकू होतो. पुढे हातात वजन. मागे पाठीचे स्नायू, आणि ते टेकूपासून फक्त पाच-एक सेंटीमीटरवर. खड्ड्यात हात घालून बॅटरी धरली, की ती टेकूपासून सहज ५० सेंटीमीटर दूर असते. भारभुजा ५०, बलभुजा ५. दहा पटींचा फरक, आणि तो सगळा आपल्या विरुद्ध.

हिशेब मांडूनच पाहू. २६ किलोची बॅटरी ५० सेंटीमीटरवर. त्यात पुढे झुकलेलं आपलं स्वतःचं धड, डोकं आणि हात मिळून ४०-एक किलो, त्यांचा मध्य टेकूपासून २५ सेंटीमीटरवर. म्हणजे १३०० अधिक १०००, एकूण २३००. त्याला ५ ने भागलं की ४६०. पाठीच्या स्नायूंना ४६० किलोइतका ताण द्यावा लागतो आणि जवळपास तेवढ्याच दाबाखाली ती चकती चेपली जाते. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने चकतीवरच्या दाबासाठी ३४०० न्यूटन, म्हणजे साधारण ३५० किलो, ही सावधगिरीची मर्यादा मानली आहे. आपण ती केव्हाच ओलांडलेली असते. उसण भरते ती इथे.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांतल्या चकत्यांत सुई घालून दाब मोजला. सरळ उभं असतानाचा दाब १०० धरला, तर हातात वजन घेऊन पुढे वाकल्यावर तो २२० च्या आसपास जातो. बसून, वजन घेऊन, पुढे वाकलं तर २७५. सीटच्या काठावर बसून पायाशी असलेली बॅटरी ओढणं म्हणजे नेमकी हीच तिसरी स्थिती. ‘नायॉश’चं वजन उचलण्याचं सूत्रही तेच सांगतं. १९९१ मध्ये सुधारलेल्या या सूत्रात सर्वोत्तम परिस्थितीत २३ किलो ही वरची मर्यादा आहे. वस्तू शरीरापासून ५० सेंटीमीटर दूर गेली, की ती निम्मी होऊन साडेअकरा किलोवर येते. गुडघ्यावर बसून किंवा अडचणीच्या जागेत उचलायचं असेल, तर हे सूत्र लागूच होत नाही. आपली बॅटरी आहे २६ किलोची.

आता घरगुती युक्त्या पाहा. दिसायला त्या वेगवेगळ्या आहेत, पण एकीतही वजन कमी होत नाही. प्रत्येक युक्ती एकच गोष्ट करते: आपल्या विरुद्ध असलेली तरफ फिरवून आपल्या बाजूला आणते.

सर्वांत साधी युक्ती पट्ट्याची. जुन्या सीटबेल्टचा किंवा सामान बांधायच्या पट्ट्याचा तुकडा बॅटरीच्या दोन्ही मुठींतून ओवायचा, टोकं वर घ्यायची आणि उचलायचं. आपले हातच जणू फूटभर लांब होतात. पाठ पुष्कळ सरळ राहते, वजन शरीराजवळ येतं. बॅटरी २५ सेंटीमीटरवर आणि धडाचा मध्य १५ वर आला, तर वरचा हिशेब ४६० वरून २५० वर उतरतो. फूटभर पट्ट्याने चकतीवरचा दोनशे किलोंचा ताण काढून घेतला!

पण याच पट्ट्यात एक बारकावा आहे, तो जवळून पाहण्यासारखा आहे. दोन मुठी एकमेकींपासून साधारण ३५ सेंटीमीटरवर. पट्टा आखूड असेल आणि त्याची दोन टोकं बॅटरीच्या फक्त १० सेंटीमीटर वर एकत्र येत असतील, तर पट्टा जमिनीशी जेमतेम ३० अंशांचा कोन करतो. अशा वेळी पट्ट्याच्या प्रत्येक बाजूवर निम्मं वजन येत नाही, पूर्ण २६ किलोंचा ताण येतो. उरलेला जोर मुठींना आतल्या बाजूला ओढण्यात खर्च होतो, आणि जुनं प्लॅस्टिक तडकतं. हीच टोकं ३० सेंटीमीटर वर नेऊन जोडली, की कोन ६० अंशांचा होतो आणि प्रत्येक बाजूवरचा ताण १५ किलोवर येतो. पट्टा लांब ठेवण्याने एवढा फरक पडतो. लांब ठेवायला जागाच नसेल, तर पट्ट्याची टोकं ३५ सेंटीमीटरच्या एका आडव्या दांडक्याला बांधायची. मग पट्टे सरळ उभे राहतात, मुठी आत ओढल्या जात नाहीत, आणि तेच दांडकं धरायलाही कामी येतं.

दुसरी युक्ती माझी सर्वांत आवडती, कारण तिला जोर निम्माच लागतो. पूर्ण बॅटरी उचलायची नाही, एक टोक उचलायचं. दुसरं टोक खाली टेकलेलंच असतं, म्हणून निम्मंच वजन आपल्याकडे येतं, १३ किलो. टोक दोन सेंटीमीटर वर आलं, की त्याखाली प्लायवूडचा तुकडा सरकवायचा. मग दुसरं टोक वर, त्याखाली दुसरा तुकडा. पुन्हा पहिलं. खड्ड्याच्या तळापासून थर चढत जातात आणि बॅटरी एकेक पायरी वर येते, ती थेट केबिनच्या जमिनीला लागेपर्यंत. मध्ये कधीही थांबून श्वास घेता येतो, कारण वजन दर वेळी लाकडावर विसावलेलं असतं. दोन सेंटीमीटरच्या उचलीने बॅटरी तीन-साडेतीन अंशच कलते, त्यामुळे आम्ल सांडायची भीती नाही. मात्र कललेल्या खोक्याला आडवी जागा सेंटीमीटरभर जास्त लागते, म्हणून बाजूची फट आधी पाहून घ्यावी, आणि बोटं खाली न घालता तुकडे लाकडाच्या पट्टीने सरकवावेत. जड वस्तू थरांवर थर रचत उंच चढवण्याची ही रीत कोसळलेल्या इमारतींतून माणसं सोडवणारी बचाव पथकं आजही वापरतात.

तिसरी युक्ती खरी तरफ. सव्वाशे सेंटीमीटरचा एक जाड वासा घ्या. खड्ड्यापलीकडे एका ठोकळ्यावर त्याचं एक टोक टेकवा, हा टेकू. टेकूपासून ३० सेंटीमीटरवर बॅटरीचा पट्टा वाशाला अडकवा. आता उघड्या दारातून बाहेर, जमिनीवर उभं राहून वाशाचं दुसरं टोक, टेकूपासून १२० सेंटीमीटरवर धरून, उचला. भारभुजा ३०, बलभुजा १२०. २६ किलोंसाठी साडेसहा किलोंचा जोर पुरतो. बदल्यात अंतर द्यावं लागतं: बॅटरी २५ सेंटीमीटर वर यायची तर हात मीटरभर वर जायला हवा. निसर्ग लागणाऱ्या ज्यूलांमधला एकही सोडत नाही, पण ते कोणत्या हप्त्याने फेडायचे हे आपल्यावर सोपवतो. व्हॅनची जमीन रस्त्यापासून बरीच उंच असते, त्यामुळे बाहेर उभ्या माणसाला वाकावं लागत नाही, ही जमेची बाजू. दुसऱ्या माणसाने आतून, बॅटरी वर येईल तसे ठोकळे सरकवत राहायचं.

चौथी युक्ती पिळाची. खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या वाशावरून आणि बॅटरीच्या पट्ट्यातून दोराचं वेढं घ्यायचं, त्या वेढ्यात एक काठी घालायची आणि ती फिरवत राहायची. दोराला पीळ पडतो, पीळ पडला की दोर आखूड होतो, आणि बॅटरी हळूहळू वर येते. जहाजांवर दोर ताणायला खलाशी हीच रीत शेकडो वर्षं वापरत आले. उचल काही सेंटीमीटरचीच मिळते, म्हणून प्लायवूडच्या थरांबरोबर ती छान जुळते. काठी मात्र हातातून सुटता कामा नये. पिळात साठलेला जोर तिला गर्रकन फिरवतो.

कप्प्यांची जोडीही चालते, पण ती टांगायला वर भक्कम आधार हवा, आणि कॅम्परचं छप्पर तसं नसतं. कप्प्यांच्या जोरावर आर्किमिडीजने माल आणि माणसांनी भरलेलं जहाज एकट्याने ओढून हिएरो राजाला दाखवल्याची हकिकत प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने लिहून ठेवली आहे.

बॅटरी केबिनच्या जमिनीवर आली, की उचलणं संपलं. आता ती फळीवरून सरकवायची. गुळगुळीत फळीवर प्लॅस्टिकचं खोकं ओढायला साधारण आठ-दहा किलोंचा जोर लागतो, आणि फळीचा उतार दाराबाहेर ठेवलेल्या ट्रॉलीकडे असेल तर त्याहून कमी.

या सगळ्या युक्त्यांत पट्टा, लाकूड आणि दोर येतात. लोखंड कुठे येत नाही. पहार हाताशी असते, तिने काम पटकन झालं असतं. पण २६ किलोचं हे खोकं जिवंत आहे. लोखंडी पहार किंवा साखळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह टोकांना एकदम टेकली, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह एका क्षणात वाहू लागतो. ठिणग्या उडतात, धातू वितळतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं तरी तो पेट घेऊ शकतो. कोरडं लाकूड वीज वाहून नेत नाही. सीटबेल्टचा पट्टा पॉलिस्टरचा असतो आणि पॉलिस्टर आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही, उलट नायलॉन आम्लाने लवकर कुजतं. ज्या साध्या वस्तू हाताशी म्हणून वापरल्या, त्याच इथे सर्वांत सुरक्षित निघाव्यात, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

म्हणून हात लावण्याआधीचा क्रम चुकवू नये. बाहेरची वीज जोडलेली असेल तर ती काढा. छपरावर सौर पॅनेल असेल तर त्याची जोडणीही आधी तोडा, बॅटरीची नंतर. अंगठी, घड्याळ, साखळी उतरवा. मग निगेटिव्हची तार प्रथम, पॉझिटिव्हची नंतर. याचं कारण सोपं आहे. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट आधी सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला, तर तिथेच सर्किट पूर्ण होतं. निगेटिव्ह आधी सुटलेलं असेल तर पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. बसवताना क्रम उलटा. सुटलेल्या टोकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून ठेवावा. वायू बाहेर नेणारी बारीक नळी बॅटरीला असेल, तर ती नव्या बॅटरीला पुन्हा जोडायला विसरू नये. ही बॅटरी माणसं झोपतात त्याच जागेत असते.

दिवे आणि फ्रिज यांच्यासाठी आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आल्या आहेत. १०० अँपिअर-अवरची बॅटरी बारा-तेरा किलोंत येते, शिशाच्या निम्म्याहून कमी वजनात. पण शून्य अंशाखाली त्या सहसा चार्ज करता येत नाहीत, आणि युरोपच्या हिवाळ्यात ही अडचण खरी आहे. इंजिन सुरू करायला अजून बहुतेक गाड्यांत शिसंच आहे, आणि जुन्या बॅटरीतलं शिसं जवळपास सगळं पुन्हा वापरता येतं. म्हणून काढलेली बॅटरी दुकानदाराला परत द्यावी, कचऱ्यात कधीच नाही.

कॅम्पर व्हॅन आपल्यापैकी थोड्यांकडेच असेल. पण भारनियमनाने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत इन्व्हर्टर आणला, आणि त्याखालची १५० अँपिअर-अवरची बॅटरी याच शिशाची, पन्नास किलोंच्या पुढची असते. ती पलंगामागे, जिन्याखाली, कोनाड्यात अशीच अडचणीत ठेवलेली असते. नवी बॅटरी बसवायला येणाऱ्या माणसाला एक विनंती करा: ठेवण्याआधी तिच्याखालून एक मजबूत पॉलिस्टरचा पट्टा आडवा घाला आणि त्याची टोकं दोन्ही बाजूंनी वर, तारांपासून दूर, मोकळी ठेवा. आणि पुढे ती काढायची वेळ आली, की दुसरा माणूस, एक फळी आणि चार ठोकळे जमेपर्यंत तिला हात लावू नका.